कोणाचं मूल?

(कर्णबधिर मुलांच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या एका बाईंच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



यंदा मानसशास्त्राच्या माणसानं बोलावं अशी संयोजकांची इच्छा होती. विषय मात्र त्यांनी माझ्यावर सोडला, आणि मी निवडलेला विषय ऐकून त्यांच्यातले एकदोघं चपापले. माणसांवरचे अनैतिक प्रयोग, आणि तेही बहुतांशी मनातले. करू नयेत हे सगळ्यांना मान्य असतं, तरी ‘करता आले असते तर काय काय कळलं असतं’ हा विचार काही डोक्यातून जात नाही, असे प्रयोग. बाईंच्या नावाच्या व्याख्यानात हा विषय कशाला, याचं उत्तर बोलण्याच्या ओघात येईल.

मानसशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. संशोधनाच्या नीतिनियमांचं प्रकरण संपलं, संमतीपत्र, गोपनीयता, समितीची परवानगी हे सगळं फळ्यावर लिहून झालं, की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, ‘सर, पण समजा हे नियमच नसते तर?’ आणि पेंगुळलेला वर्ग जागा होतो. एक जण म्हणतो, जुळी मुलं जन्मतःच वेगळी करायची, एक बंगल्यात वाढवायचं, एक झोपडपट्टीत. स्वभाव रक्तातून येतो की संगतीतून याचा एकदाचा निकाल लागेल. एखादी मुलगी म्हणते, बाळाशी जन्मापासून कोणी एक शब्दही बोलायचं नाही, बघू ते स्वतःची भाषा तयार करतं का. आणखी कोणी एका बेटावर शंभर मुलं सोडतो, मोठं माणूस एकही नाही, आणि समाज कसा उभा राहतो ते दुर्बिणीतून बघतो. या विद्यार्थ्यांना मी कधी दटावलं नाही. त्यांचं कुतूहल खरं असतं, आणि माणूस मुळात कसा आहे हे जाणून घेण्याची ओढ नसेल तर या विषयाकडे कोणी फिरकूच नये. मी त्यांना एवढंच विचारतो, ‘मूल कोणाचं घ्यायचं?’

तिथं गाडी अडते. थोड्या वेळानं बहुधा पहिलं उत्तर येतं ते ‘अनाथाश्रमातलं’.

हे विद्यार्थी दुष्ट नसतात. ज्यांनी ज्यांनी असे प्रयोग खरोखर केले, त्यांनाही हेच सुचलं होतं. माझं आजचं म्हणणं असं आहे की, ‘मूल कोणाचं’ हा प्रश्न प्रयोगाच्या पोटातला आहे. एक अर्ज भरून, एक सही घेऊन तो बाजूला ठेवता येत नाही. जिथं तो विचारला गेला नाही तिथं मुलांचं नुकसान तर झालंच, आणि ज्या ज्ञानासाठी ते केलं तेही बहुतेक वेळा हाती लागलं नाही.

मुलाशी न बोलण्याचा प्रयोग घ्या. तो आपल्या विद्यार्थ्यांच्याही फार आधीचा आहे. हिरोडोटसनं सांगितलेली गोष्ट अशी: जगातले सर्वांत जुने लोक कोणते हे इजिप्तच्या सामेटिकस राजाला ठरवायचं होतं. त्यानं दोन तान्ही मुलं एका मेंढपाळाच्या हवाली केली. त्यांच्यासमोर कोणी अवाक्षर काढायचं नाही, वेळेवर शेळ्या नेऊन दूध पाजायचं. दोन वर्षांनी मुलं हात पसरून ‘बेकोस’ म्हणाली. फ्रिजियन भाषेत याचा अर्थ भाकरी, म्हणून फ्रिजियन लोक इजिप्तच्या लोकांहून जुने ठरले. शेळीच्या ओरडण्याची नक्कल मुलं करत असतील, ही शंका पुढे अनेकांनी घेतली. मला मात्र हिरोडोटसनं जाता जाता दिलेला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो: ती मुलं सामान्य माणसांची होती. राजाला स्वतःच्या वाड्यातलं मूल घ्यावंसं वाटलं नाही. तेराव्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्याबद्दलही अशीच कथा सालिंबेने नावाच्या भिक्षूनं लिहून ठेवली आहे, आणि त्या कथेत मुलं लाडाकौतुकावाचून मरून जातात. हा भिक्षू सम्राटाचा विरोधक होता, म्हणून कथेवर किती विसंबावं हा प्रश्न आहे. स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सनं एक मुकी बाई आणि दोन मुलं एका बेटावर ठेवली, आणि मुलं म्हणे उत्तम हिब्रू बोलू लागली. या दंतकथेवर याहून जास्त वेळ घालवायला नको.

अकबराच्या घटनेपाशी मात्र थांबलं पाहिजे, कारण तिचे दोन समकालीन वृत्तान्त आहेत आणि ते लिहिणारी माणसं दोन टोकांची आहेत. अबुल फज्ल बादशहाचा निस्सीम भक्त. बदायुनी त्याच दरबारात राहून मनातून बादशहावर जळफळणारा. फत्तेपूर सिक्रीच्या परिसरात वस्तीपासून दूर एक घर बांधलं गेलं, यावर दोघांचं एकमत आहे. बदायुनी लिहितो की, वीसेक तान्ही मुलं आयांना पैसे देऊन घेतली आणि दायांना बोलायची बंदी केली. कोणी न शिकवता मूल कोणत्या धर्माकडे वळतं ते बादशहाला पाहायचं होतं, असं त्याचं म्हणणं. अबुल फज्ल वेगळं कारण देतो. माणूस ऐकतो म्हणून बोलतो, ज्याच्या कानावर काही पडत नाही तो मुका राहतो, असं बादशहा म्हणाला होता. काहींना ते पटेना, म्हणून त्यांची खात्री पटवायला हे घर उभं राहिलं. १५८२ च्या ऑगस्टमध्ये अकबर मोजकी माणसं घेऊन तिथं गेला. मुलं चार वर्षांची झाली होती. आतून बोलण्याचा सूर आला नाही, नुसते घशातले आवाज आले. लोकांनी त्या घराला नाव ठेवलं होतं गुंग महाल. त्यातली बरीच मुलं मातीआड गेली, हे सांगायला बदायुनी विसरत नाही.

अबुल फज्लचं कारण खरं धरलं, तर बादशहाला उत्तर आधीच ठाऊक होतं. आणि ते बरोबर होतं! बहिरं मूल वाढवलेली कुठलीही आई त्याला ते सांगू शकली असती. चारचौघांशी झालेला वाद जिंकायला वीस मुलांची चार वर्षं, आणि काहींचं सगळं आयुष्य, खर्ची पडलं. बादशहा शिकारीला कुठे थांबला, दुसऱ्या दिवशी कुठे गेला हे आपल्याला वाचायला मिळतं. मुलांची नावं मिळत नाहीत. पोटचं मूल विकायची वेळ ज्या बायांवर आली त्यांच्याविषयी कोणी ओळही लिहिलेली नाही.

जुन्या काळातल्या राजांची गोष्ट म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण १९३९ साली, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, वाचाविकारांचा एक नामवंत अभ्यासक हेच करत होता. वेंडेल जॉन्सन स्वतः लहानपणापासून अडखळत बोलणारा. हा तोतरेपणा कुठून येतो याचा ध्यास त्याला लागला होता, आणि तो ध्यास समजण्यासारखा आहे. त्याचा कयास असा की, सगळीच लहान मुलं थोडीफार अडखळतात; आईबाप घाबरून टोकायला लागले की मूल बिचकतं आणि तोतरेपणा पक्का होतो. कयास तपासायचा, तर चांगल्या बोलणाऱ्या मुलाला टोकत राहायला हवं. त्याची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर डेव्हनपोर्ट गावच्या अनाथालयात गेली. बावीस मुलं निवडली. दहा अडखळणारी, बारा चारचौघांसारखी बोलणारी. या बारांपैकी सहा मुलांना जानेवारीपासून मेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं की, तुझ्यात तोतरेपणाची लक्षणं दिसतात, बरोबर बोलता येत नसेल तर बोलूच नको. अनाथालयातल्या सांभाळणाऱ्यांनाही मुलांच्या चुका टिपायला सांगितलं होतं. त्यांनाही खरं काय ते ठाऊक नव्हतं.

ट्यूडरच्या नोंदी वाचवत नाहीत. पाच वर्षांची एक मुलगी महिन्याभरापूर्वी मोकळी बोलायची, ती आता तोंड उघडेना. नऊ वर्षांची दुसरी बोलायलाच नकार देऊ लागली आणि बहुतेक वेळ डोळ्यांवर हात धरून बसू लागली. मुलं एकेका शब्दात उत्तरं द्यायला लागली, अभ्यासात मागे पडली. प्रयोग संपल्यावर ट्यूडर आपणहून पुन्हा तिथं गेली, तुम्ही चांगलं बोलता असं मुलांना सांगू लागली. पण आधीचं पुसलं गेलं नाही. सहकारी आपापसात याला राक्षसी प्रयोग म्हणत. जॉन्सननं तो कधी प्रसिद्ध केला नाही, प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वर्तमानपत्रानं तो बाहेर काढला तेव्हा त्या मुलांना, म्हणजे सत्तरीच्या घरात पोचलेल्या म्हाताऱ्या माणसांना, पहिल्यांदा कळलं की आपल्या बोलण्यात मुळात काही खोट नव्हती. विद्यापीठानं माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्यानं नऊ लाख पंचवीस हजार डॉलर भरपाई दिली. आणि ज्ञान? त्याच आकडेवारीची पुढे जाणकारांनी फेरतपासणी केली, तर त्या सहांपैकी एकही मूल तोतरं झालेलं नव्हतं. कयास सिद्ध झाला नाही. मुलं मात्र बुजरी झाली ती कायमची.

डेव्हनपोर्टमध्ये आईबाप असलेली घरं काही कमी नव्हती. त्या घरांत जॉन्सन गेला नाही, कारण तिथं दारातच कोणीतरी विचारलं असतं, ‘माझ्या लेकराला असं का म्हणता?’ अनाथालय निवडलं गेलं ते हे विचारणारं तिथं कोणी नव्हतं म्हणून. आपण सोय म्हणतो तिचा अर्थ इतकाच असतो.

जुळ्यांचा प्रयोगही झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात पीटर न्यूबाउअर या मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दत्तक देणाऱ्या एका संस्थेमार्फत, जुळी आणि एक तिळी भावंडं वेगवेगळ्या घरी दिली गेली. दत्तक घेणाऱ्यांना दुसरं भावंड असल्याचं सांगितलं नाही. मुलांच्या वाढीचा अभ्यास चाललाय असं सांगून संशोधक घरी येत, चाचण्या घेत, चित्रफिती काढत. तिळ्यांपैकी एक जण १९८० मध्ये कॉलेजात गेला आणि भेटेल तो त्याला भलत्याच नावानं हाक मारू लागला, तेव्हा बिंग फुटलं. निष्कर्ष प्रसिद्ध झालेच नाहीत. कागदपत्रं येल विद्यापीठात २०६५ पर्यंत बंद आहेत. ज्यांच्या आयुष्याचा तो अभ्यास होता त्यांच्यातले बहुतेक तोवर नसतील.

इथं कोणी मला अडवेल. मानसशास्त्रज्ञ मिलग्रमचं काय? त्यानं तर लोकांना फसवून मोठं सत्य बाहेर काढलं. हे मी मान्य करतो. १९६१ मध्ये येलला आलेल्या पहिल्या चाळीस पुरुषांपैकी सव्वीस जणांनी, केवळ राखाडी कोटातला माणूस सांगतो म्हणून, समोरच्याला ४५० व्होल्टचा झटका देतोय अशा समजुतीनं शेवटची कळ दाबली. झटका घेणारा माणूस प्रयोगकर्त्यांचाच होता, झटका खोटा होता. या प्रयोगावाचून आपण गरीब झालो असतो. अनैतिक मार्गानं काहीच कळत नाही, असा माझा दावा नाही. पण ती मोठी, स्वतःच्या पायांनी आलेली माणसं होती. त्यांना उठून जाता येत होतं, काही जण उठून गेलेही. नंतर त्यांना खरं काय ते सांगितलं गेलं. तरीही त्यांच्या मनावर आलेल्या ताणावरून साठ वर्षं वाद चालू आहे. चार वर्षांच्या मुलाला कुठं उठून जायचं असतं?

आणि नियम कडक झाल्यानं हे आता संपलं, असंही समजू नये. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकनं एक आठवडाभर ६,८९,००३ जणांच्या पानावरचा मजकूर मुद्दाम जास्त आनंदी किंवा जास्त उदास केला आणि त्यांच्या लिहिण्यात काय फरक पडतो ते मोजलं. त्यांतल्या कोणालाही आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक नव्हतं. आज ज्याच्या हातात फोन आहे असं प्रत्येक मूल या यादीत बसू शकतं, आणि ‘मूल कोणाचं’ हे विचारायला समोर कोणी माणूसच दिसत नाही. या विषयाला वेगळं व्याख्यान लागेल.

मला परत भाषेकडे जायचं आहे. १९७० च्या नोव्हेंबरात लॉस एंजलिसजवळ तेरा वर्षांची एक मुलगी सापडली. अभ्यासकांनी तिला जिनी हे टोपणनाव दिलं. बापानं तिला अगदी लहान असल्यापासून एका खोलीत कोंडलं होतं, दिवसा संडासच्या खुर्चीला बांधून ठेवलं होतं, आवाज केला की मारत होता. घरात कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. भाषाशास्त्रज्ञांना जो प्रयोग कधीच करता येणार नव्हता, तो एका विकृत बापानं करून ठेवला होता. मग तज्ज्ञांची रीघ लागली, सरकारी अनुदान आलं. सुझन कर्टिस या तरुण भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तिला खूप जीव लावला, ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे. जिनी शेकडो शब्द शिकली. वाक्यरचना मात्र तिला अखेरपर्यंत नीट जमली नाही. १९७४ मध्ये अनुदान थांबलं. त्यानंतर तिला एका घरातून दुसऱ्या घरात हलवत गेले. एका घरी ओकारी झाल्याबद्दल मार बसला, तेव्हापासून तिनं तोंड उघडणंच सोडलं. तिला बोलतं करणाऱ्यांनी मिळवलेलं सगळं तिथं वाहून गेलं. तिच्या केसवरून काय सिद्ध होतं यावर अभ्यासक अजून भांडतात, कारण न बोलणं, मार, उपासमार, एकटेपण यांपैकी कशाचा परिणाम कोणता हे वेगळं काढता येत नाही. वर्गातल्या मुलांना मी हे नेहमी सांगतो. भाषा काढून घ्यायची तर माणूसपणच काढून घ्यावं लागतं, आणि मग जे उरतं त्यावरून भाषेविषयी काय कळणार?

मग भाषा कशी जन्मते हे आपल्याला कळलं कुठून? निकाराग्वामधून. तिथं १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात विशेष मुलांची शाळा मोठी झाली, १९७९ च्या क्रांतीनंतर व्यवसायशिक्षणाची शाळा निघाली, आणि देशात पहिल्यांदाच शेकडो कर्णबधिर मुलं एका जागी आली. तोवर ती आपापल्या घरी, आपापल्या चार खुणांवर जगत होती. वर्गात शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, ते फारसं जमत नव्हतं. पण मैदानावर, बसमध्ये, डबा खाताना मुलांचे हात चालू होते. शिक्षकांना काही समजेना, म्हणून त्यांनी १९८६ मध्ये जुडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं की लहान मुलं मोठ्या मुलांच्या खुणा नुसत्या उचलत नव्हती, त्यांना व्याकरण देत होती. चार-पाच वर्षांची असताना शाळेत आलेली मुलं त्या भाषेत आपल्या आधीच्या पिढीहून चपळ, बारकाईनं बोलत होती. हातांची दिशा, हवेतली जागा, यावरून कोणी कोणाला काय केलं हे सांगत होती. कोणी शिकवलं नाही, कोणी आखलं नाही. सामेटिकसाला जे पाहायचं होतं ते दोन हजार सहाशे वर्षांनी पाहायला मिळालं. त्यासाठी कोणाचं काही काढून घ्यावं लागलं नाही. मुलांना एकमेकांची संगत मिळाली, एवढंच घडलं.

रुमानियाचं उदाहरण याहून अवघड आहे. चाउशेस्कूच्या राजवटीनं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, संततिनियमनाची साधनं मिळेनाशी केली. पोसणं न झालेली मुलं सरकारी बालगृहांत जाऊ लागली. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली तेव्हा त्यांची संख्या लाखाच्या वर होती. तिथं गेलेल्यांनी लिहिलं आहे की, पाळण्यांच्या रांगाच्या रांगा होत्या आणि बाळं रडत नव्हती. रडून कोणी येत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. २००० मध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना या तीन अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टच्या सहा बालगृहांतली १३६ मुलं निवडली, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली, निम्मी होती तिथं राहिली. साडेचार वर्षांची झाल्यावर बालगृहातल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३ भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आपल्याच आईबापांकडे वाढलेल्या मुलांचा १०९. दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

निम्मी मुलं मागे ठेवणं योग्य होतं का? यावर पुष्कळ वाद झाला आहे, आणि तो व्हायलाच हवा. मुलं सांभाळायला तयार असलेली कुटुंबं तेव्हा बुखारेस्टमध्ये जवळपास नव्हती. संशोधकांनी ती शोधली, त्यांना मोबदला दिला, मदतीला माणसं दिली. मागे राहिलेल्या मुलाला पुढे कुठलंही घर मिळालं तर त्याला अडवायचं नाही, हा नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळला. आणि २००४ मध्ये रुमानियानं दोन वर्षांखालचं मूल बालगृहात ठेवायला कायद्यानं बंदी केली, तिच्यामागे या अभ्यासाचं बळ होतं. माझा कौल या संशोधकांच्या बाजूनं आहे. तरी त्या अडुसष्ट मुलांपैकी एखादं माझ्यासमोर येऊन ‘माझी चिठ्ठी का नाही निघाली?’ म्हणालं, तर त्याच्या समाधानाचं उत्तर माझ्याजवळ नाही. असं उत्तर नसल्याची बोच ज्याला राहते, त्याच्या हातीच असं काम द्यावं.

आता बाईंकडे येतो. माझे विद्यार्थी घेऊन मी त्यांच्या वर्गात बसायला जात असे. बाई मुलाचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवायच्या आणि ‘ब’ म्हणायच्या. मग तोच हात मुलाच्या गळ्यावर. ‘प’साठी ओठांपुढे कागदाची पट्टी धरायच्या, फुंकर बसली की पट्टी हलायची आणि मूल खिदळायचं. एकेका अक्षराला आठवडे जात. त्या काळी बऱ्याच शाळांत खुणा केल्या तर हातावर पट्टी बसायची. बाईंच्या वर्गात हात मोकळे असत.

एकदा खेड्यातून नऊ वर्षांचा एक मुलगा आला. तोवर शाळा नाही, श्रवणयंत्र नाही. मिशीवर बोट फिरवलं की बाप, अंगठा तोंडाशी नेला की पाणी, अशा पंधरा-वीस खुणा घरच्यांनी आणि त्यानं मिळून केलेल्या. ‘काल’ आणि ‘उद्या’साठी खूण नव्हती. बाप बाजाराला गेला तर तो संध्याकाळी परत येणार हे त्याला सांगायचा मार्गच कोणाकडे नव्हता. बाप दिसेनासा झाला म्हणजे गेला. त्याची आई बाईंना म्हणाली, ‘हा रोज संध्याकाळपर्यंत रडतो, आम्हाला वाटायचं हट्टी आहे.’

श्रोतेहो, अकबरानं दायांची तोंडं बंद केली होती. या मुलाच्या घरात कोणी गप्प नव्हतं, माणसं बोलत होती, भांडत होती, गात होती, आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. परिणाम तोच. गुंग महाल बांधायला बादशहा लागतो असं नाही. हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय बहिरेपणा असतो, आणि अमेरिकेतल्या पाहण्या सांगतात की अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, म्हणजे खुणांची भाषा घरात कोणालाच येत नसते. ती मुलं हुशार असतात. भाषेविना गेलेली पहिली चार-पाच वर्षं मात्र पुढे कितीही शिकवलं तरी पूर्ण भरून येत नाहीत. हे सांगायला आता नवा प्रयोग नको. कोलोरॅडोत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखून मदत सुरू झालेली मुलं भाषेत स्पष्टपणे पुढे असतात.

आपल्याकडे काय होतं ते इथले पालक जाणतात. आजी ताट वाजवून बघते. बाळ हवेच्या झोतानं किंवा सावलीनं दचकतं, आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मग ‘मुलगे उशिराच बोलतात’, मग ‘याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला’. यात कोणाची वाईट बुद्धी नसते. पण दोन-अडीच वर्षं जातात, आणि ती त्या मुलाची सर्वांत मोलाची वर्षं असतात. बाळाच्या श्रवणचाचणीला पाचेक मिनिटं लागतात. बाळ झोपलेलं असताना कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात, ती बारीक आवाज सोडते आणि आतल्या कानाचा प्रतिसाद टिपते. टोचणं नाही, दुखणं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. जिल्हा पातळीवर त्यासाठी केंद्रं आहेत, कर्मचारी त्यांना डीईआयसी म्हणतात. दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या शब्दकोशात २०२१ मध्ये दहा हजार शब्द झाले होते.

म्हणून मागणं आहे ते तुमच्याकडे. घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या मावशींकडे बाळ जन्मलं, तर बारशाला जाताना विचारा, ‘कानाची चाचणी झाली का?’ पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार आणि भाषा सुरू, एवढं लक्षात ठेवा. नसेल झाली तर आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, गाडीभाड्याची अडचण असेल तर ते द्या. आणि नात्यात कर्णबधिर मूल असेल तर यंत्र बसवून थांबू नका, हातांनी बोलायला शिका. आईनं शिका, बापानंही शिका, आजीनंही. या शाळेत दर शनिवारी दुपारी तीन वाजता पालकांसाठी आणि इतर कोणासाठीही खुणांच्या भाषेचा वर्ग भरतो. फी नाही. नावनोंदणीचं टेबल दाराजवळ मांडलं आहे.